व्याह्यांचा नाश्ता आणि शंभर जुड्या कोथिंबीर

नागपूरला लेकीच्या लग्नात उत्तरेश्वर कथले एक वाक्य बोलून गेले आणि पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे झालं.

सकाळची वेळ होती. मांडवात तर्री-पोहे आले होते. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत लाल तर्री, वर कच्चा कांदा, शेव. पुण्याहून गेलेली मंडळी घाम पुसत खात होती. कथल्यांनीही दोनदा घेतले आणि तिसऱ्यांदा घेताना बायको बघत नाही ना, एवढं पाहून घेतलं. तेवढ्यात व्याही हिंमतराव आले, त्यांनी खांद्यावर हात टाकला आणि विचारलं, "काय जी, कसे वाटले आमचे पोहे?"

इथे कुणीही शहाणा माणूस "उत्तम" म्हणून मोकळा झाला असता. कथले म्हणाले, "चांगले आहेत. पण नाश्ता म्हणजे काय असतो, ते तुम्ही एकदा पुण्यात येऊन बघा."

पुण्यात जन्मलेला माणूस असं बोलला नसता. पुणं श्रेष्ठ आहे हे त्याला माहीतच असतं, त्यामुळे ते बोलून दाखवायची त्याला गरज वाटत नाही. पण कथले मूळचे बार्शीचे. नोकरीच्या निमित्ताने पुण्यात आले, कोथरूडला फ्लॅट घेतला, आणि त्या दिवसापासून पुण्याची बाजू घेण्याचं काम त्यांनी बिनपगारी पत्करलं. निवृत्त झाल्यावर तर ते पूर्णवेळच झालं.

वाक्य हवेत विरलं असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. सहा महिन्यांनी अपेक्षाचा, म्हणजे त्याच लेकीचा, फोन आला.

"बाबा, माझे सासरे कोल्हापूरला देवीला निघालेत. शनिवारी रात्री तुमच्याकडे मुक्काम आणि रविवारी सकाळी नाश्ता."

"येऊ देत की. आनंदच आहे."

"आनंद काय बाबा! ते इथे अख्ख्या गल्लीत सांगत सुटलेत, पुण्याचा नाश्ता खायला चाललोय म्हणून. तुम्हाला माहितीये, रोज सकाळी मी पोहे केले की ते काय म्हणतात? 'सुनबाई, पोहे चांगले आहेत, पण नाश्ता पुण्यात असते म्हणतात.' रोज! आधी गंमत वाटायची. आता घास उतरत नाही माझ्या घशाखाली. प्लीज, काहीतरी खरंच चांगलं खाऊ घाला. नाहीतर हे टोमणे मला जन्मभर ऐकायला लागतील."

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज जरा हलला. स्वतःच्या जिभेची शिक्षा लेक भोगते आहे, हे त्यांना सहन होईना. फोन ठेवून त्यांनी कपाळाला हात लावला, कारण खरी अडचण वेगळीच होती. पुण्यात चांगला नाश्ता कुठे मिळतो, हे त्यांना माहीतच नव्हतं.

म्हणजे एके काळी माहीत होतं. पण डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा दाखवल्यापासून त्यांच्या नशिबी रोज सकाळी ओट्स आले होते. त्यांची पत्नी नम्रता पहाटे फिरायला जायची, परत आल्यावर त्यांच्यापुढे ओट्सची वाटी ठेवायची आणि म्हणायची, "तुम्ही घ्या. मला भूक नाही." आपल्याला मोह होऊ नये म्हणून ही बाई रोज उपाशी राहते, या विचाराने कथल्यांचा ऊर भरून यायचा. उपाशी राहूनही तिच्या चेहऱ्यावर एवढं तेज कुठून येतं, याचं मात्र त्यांना फार कुतूहल होतं.

अखेर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न टाकला. 'रविवारी पाहुणे येत आहेत. उत्तम नाश्ता कुठे मिळेल?'

एरवी पाण्याच्या टाकीवर रात्रभर भांडणारा ग्रुप एकदम गप्प झाला. सगळ्यांनी वाचलं आणि कुणीच बोललं नाही. बऱ्याच वेळाने चेअरमन मथुराबाई पानसे यांचं उत्तर आलं. त्यांनी नदीपलीकडच्या पेठेतलं एक जुनं उपाहारगृह सुचवलं. पाठोपाठ सेक्रेटरी चांदभाईंनी मार्केट यार्ड सुचवलं. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी, आयटीत काम करणारी पूर्वा म्हणाली, 'काका, बाणेरला एक अमेझिंग कॅफे आहे.' सल्ले तीन होते, पण तिन्ही जागा लांबच्या होत्या.

कथल्यांनी लिहिलं, 'जवळपास काही?'

मथुराबाईंचं उत्तर त्याच क्षणी आलं. 'जवळपास काही नाही.'

पाहुण्याला घेऊन आयत्या वेळी फजिती नको, म्हणून आधी स्वतः चव घेऊन यायचं कथल्यांनी ठरवलं. "ओट्सचं काय?" नम्रताने विचारलं. "लेकीच्या संसारापुढे कोलेस्टेरॉल काय चीज आहे," कथले म्हणाले. नम्रता काहीतरी बोलता बोलता थांबली, असं त्यांना वाटलं.

पेठेतल्या उपाहारगृहात खाद्यपदार्थांपेक्षा पाट्या जास्त होत्या. 'कूपन आधी घ्यावे.' 'कूपन घेतल्याशिवाय बसू नये.' 'बसल्यावर हाका मारू नयेत.' कथल्यांना मनातून बरं वाटलं. पाटी वाचली की त्यांना आपण सुरक्षित हातांत आहोत असं वाटतं. पाटी कुठेही असो, ते ती पूर्ण वाचतात आणि पूर्ण पाळतात. बार्शीच्या माणसाने पुणेकर व्हायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, असं त्यांचं मत आहे. रांगेत उभं राहून, सुटे पैसे मोजून त्यांनी उपम्याचं कूपन घेतलं आणि ते आतल्या काउंटरवर दिलं.

"उपमा संपला," काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले.

"अहो, पण आत्ता कूपन दिलंत ना?"

"कूपन त्यांनी दिलं. उपमा मी देतो."

"मग आता आहे काय?"

"तुमच्या हातात कूपन आहे."

कथल्यांनी मानहानी गिळली आणि कामाचा प्रश्न विचारला. "रविवारी किती वाजता उघडता?" गृहस्थांनी मान न हलवता डोळ्यांनीच एक पाटी दाखवली. 'रविवारी बंद. का, ते विचारू नये.' कथल्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते चांदभाईंच्या सल्ल्याने मार्केट यार्डात गेले. चांदभाईंचं घराणं चार पिढ्यांपासून पुण्यात, भवानी पेठेत आरशांचं दुकान. त्यांच्या सल्ल्यात एक ठामपणा असायचा. "कथलेसाहेब, हमाल जिथे मिसळ खातात तिथे खायची. पहाटे जायचं. उजाडल्यावर जे मिळतं त्याला मिसळ म्हणायचं नाही, उसळ म्हणायचं."

कथले पहाटे स्कूटरवर निघाले. यार्डात ट्रक, हातगाड्या आणि पाठीवर पोती घेतलेल्या माणसांची अशी झुंबड होती की मिसळीचा वास कुठून येतो आहे ते कळेना. एका गाळ्यासमोर कोथिंबिरीचा हिरवागार ढीग होता. आता कोथिंबीर दिसल्यावर भाव न विचारता पुढे जाणं मध्यमवर्गीय माणसाला जमतं का? कथल्यांना जमलं नाही.

"जुडी काय भाव?"

व्यापाऱ्याने भाव सांगितला. कथल्यांनी सवयीने त्याच्या निम्मा सांगितला. मंडईत निम्मा भाव सांगितला की भाजीवाली चिडते, आपण दोन पावलं पुढे जातो, मग ती हाक मारते, असा रिवाज आहे. ते दोन पावलं टाकायच्या बेतात होतेच.

"घ्या," व्यापारी म्हणाला.

भाव चटकन मान्य झाला की आपण फसलो हे नक्की, हे कथल्यांना ठाऊक होतं. पण आता माघार घेणं प्रतिष्ठेत बसेना. "द्या एक," ते म्हणाले.

"एक?" व्यापाऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या चार माणसांकडे पाहिलं, आणि ती चारही माणसं कथल्यांकडे बघायला लागली. "इथे शेकड्यानं असतं, काका. भाव तुम्हीच बोललात. आता शब्द फिरवता का?"

शब्द फिरवणारा म्हणून मार्केट यार्डात नाव खराब करून घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. खरं तर त्यांचं तिथे नावच नव्हतं, पण हे त्यांना घरी आल्यावर सुचलं. शंभर जुड्या स्कूटरवर पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना बांधून ते निघाले. मिसळ कुठे मिळते हे विचारायला थांबावं तर स्कूटर कलंडत होती. स्वारगेटच्या चौकात सिग्नलला दोघांनी त्यांनाच भाव विचारला. तिथून कोथरूडपर्यंत रस्त्यावरची एक शेळी आणि पोलीस, दोघांनीही त्यांना आस्थेने न्याहाळलं.

नम्रता दार उघडून बघत राहिली. आता भडका उडणार, या तयारीने कथले उभे होते. पण ती फक्त म्हणाली, "ठेवा तिथे. मी बघते." दुसऱ्या दिवशी सकाळी ती फिरून आली तेव्हा घरात कोथिंबिरीची एक काडी उरली नव्हती.

"कुठे गेली?"

"मैत्रिणींना वाटली."

शंभर जुड्या संपाव्यात एवढ्या मैत्रिणी आपल्या बायकोला कधी झाल्या, याचं कथल्यांना नवल वाटलं. पण तोवर शनिवार उजाडला होता आणि त्यांना पूर्वाच्या कॅफेत जायचं होतं. त्या कॅफेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बाहेर 'दिवसभर नाश्ता' असं लिहिलं होतं आणि दिवस अकरा वाजता सुरू होत होता. मेन्यू मागितला तर मोबाइलने भिंतीचा फोटो काढा म्हणाले. एका पावावर हिरवं काहीतरी लावून आणून ठेवलं. ते कोथिंबिरीचं नाही एवढंच समाधान. बिल बघून कथल्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

रात्री हिंमतराव आले. उंचेपुरे, मोठ्या आवाजाचे, दिलखुलास माणूस. नम्रताने वाढलेलं पिठलं-भाकरी त्यांनी आवडीने खाल्ली, पण ताटावरून उठताना म्हणालेच, "वहिनी, आता पोट रिकामं ठेवतो जी. उद्याच्या नाश्त्यासाठी." कथल्यांना रात्री झोप लागली नाही. त्यांना अपेक्षाचा चेहरा दिसत होता. तिच्यासमोर पोह्यांची प्लेट, आणि समोरून येणारं ते एक वाक्य. सकाळी पाहुण्याला स्वारगेटच्या बस स्टँडजवळ इडली खाऊ घालायची आणि तोंडाने तिचं कौतुक करायचं, इथवर त्यांची मजल आली होती. पहाटे कुठे त्यांचा डोळा लागला.

जागे झाले तर पाहुण्यांची गादी रिकामी. नम्रता फिरायला गेलेली. हिंमतरावांची बॅग होती, चपला नव्हत्या. कथले बनियनवरच शर्ट चढवत खाली धावले. वॉचमन म्हणाला, "ते मोठे साहेब? ते मागच्या बाजूला गेले."

मागच्या बाजूला जाण्यासारखं काही नव्हतं. तिथे पाण्याची टाकी होती आणि कंपाउंडच्या भिंतीत एक लोखंडी फाटक. फाटकावर मथुराबाईंच्या सहीची पाटी होती. 'हे फाटक कायमचे बंद आहे. ढकलून खात्री करू नये.' कथल्यांनी ही पाटी कित्येक वर्षं वाचली होती आणि एकदाही ढकलून खात्री केली नव्हती. पण आज फाटक वीतभर उघडं होतं. हिंमतराव नागपूरचे. त्यांना पाटी वाचायची सवय नव्हती, त्यांनी सरळ फाटक ढकललं होतं.

कथले क्षणभर पाटीसमोर घुटमळले. मग डोळे मिटून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एका पाटीची आज्ञा मोडली.

पलीकडे एक अरुंद गल्ली होती. गल्लीत गुलमोहराखाली एक हातगाडी, गाडीवर वाफाळती परात, शेजारी लाल तर्रीचं पातेलं. पुढे दोन बाकं होती. एका बाकावर चेअरमन मथुराबाई प्लेट घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी चांदभाई. पूर्वा भिंतीला टेकून बोटं चाटत होती. स्टुलावर नम्रता बसली होती, उपाशी राहणारी, तोंडात घास घेऊन. आणि मधोमध नवरदेवासारखे हिंमतराव, कपाळावर घाम, हातात प्लेट. प्रत्येकाच्या पोह्यांवर हिरव्यागार कोथिंबिरीचा डोंगर होता.

सगळे थिजले. सर्वांत आधी मथुराबाई सावरल्या. "कथले, पाटी वाचली नाहीत का?"

कथल्यांना राग, लाज आणि पोह्यांचा वास हे तिन्ही एकदम आले होते. पण त्यांच्या आधी हिंमतरावच गरजले.

"या व्याहीबुवा, या! काय जागा लपवून ठेवली जी! सकाळी वास आला न् मी वासामागंच निघालो. आणि हे बाई सांगून राहिल्या, माझ्यासाठी तुम्ही मार्केटातून शंभर जुड्या कोथिंबीर आणली! बाप्पा! एका पाहुण्यासाठी? असा मान आमाले आजवर कोणी नाही दिला."

गाडीवरच्या दुर्गाबाई पदराने हात पुसत म्हणाल्या, "हो ना जी. नम्रताताईंनी टोपली भरून देल्ली. म्हणल्या, आमच्या ह्यांनी आणली पाहुण्यांसाठी."

कथल्यांनी नम्रताकडे पाहिलं. नम्रताने प्लेटकडे पाहिलं.

"पण एक गोष्ट सांगा," हिंमतराव डोळे मिचकावत म्हणाले, "ह्या बाई आमच्या उमरेडच्या निघाल्या! म्हणजे हे पोहे तर आमचेच झाले न? पुण्याचा नाश्ता कुठं हाय यात?"

चांदभाईंचा चमचा वाटेत थांबला. इथे कथले हरले असते तर अपेक्षाचा जन्म त्या एका वाक्याखाली गेला असता. कथल्यांनी दुर्गाबाईंच्या हातून प्लेट घेतली, एक घास खाल्ला, सावकाश गिळला.

"मी तरी दुसरं काय म्हणालो होतो?" ते म्हणाले. "तिकडे ते पोहे होते. इथे आले, तेव्हा त्यांचा नाश्ता झाला."

हिंमतराव असे हसले की त्यांच्या प्लेटमधली शेव पूर्वाच्या चपलेवर पडली. हसता हसताच त्यांनी फोन लावला. "सुनबाई, तुझा बाप खरं बोलला होता बरं! आता मी रोजचं म्हणणं बंद करतो. आणि घरी आलो की मीच करून घालतो तुला पोहे, फक्त कोथिंबीर लय टाकावी लागते." पलीकडून अपेक्षा काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण ती हसली, ते ऐकू आलं. कथल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तर्री तिखट आहे, असं ते सगळ्यांना सांगत राहिले.

दुपारी स्वारगेटला हिंमतरावांना कोल्हापूरच्या बसमध्ये बसवून आल्यावर मात्र त्यांनी नम्रताला गाठलं. "इतकी वर्षं? आणि मला एका शब्दाने नाही?"

"खरवस आठवतो का?" नम्रता म्हणाली.

कथल्यांना आठवला. कोपऱ्यावर एक गवळी चांगला खरवस आणायचा. कथल्यांनी त्याचा फोटो, पत्ता आणि वेळ अख्ख्या कोथरूडच्या ग्रुपवर टाकली होती. त्यानंतर सोसायटीतल्या कुणालाही खरवस बघायला मिळाला नव्हता.

"अहो, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुर्गाबाईंचे पोहे आठच्या आत संपतात. म्हणून मथुराबाईंनी बैठकच घेतली. कथल्यांना सांगायचं नाही, असा ठराव झाला."

"ठराव? आणि मांडला कुणी?"

"मांडला चांदभाईंनी." नम्रता जरा थांबली. "अनुमोदन मी दिलं."

कथले दोन दिवस घरात कमी बोलले. ओट्सच्या वाटीकडे मात्र त्यांनी आता मानी नजरेने पाहायला सुरुवात केली. आपल्या तोंडात तीळ भिजत नाही हे ऐकून घेणं सोपं नसतं, विशेषतः ते खरं असेल तर.

बुधवारी संध्याकाळी ते जिना चढत असताना चौथ्या मजल्यावर नव्याने आलेला तेजस भेटला. लातूरकडचा मुलगा, बायकोसह नुकताच राहायला आलेला, अजून घरात गॅसही नव्हता.

"काका, एक विचारू? सकाळी कुठूनतरी पोह्यांचा भारी वास येतो ना इथे? जवळपास नाश्त्याचं काही आहे का?"

कथल्यांची जीभ वळवळली. सगळं ओठांवर आलं होतं, फाटक, गुलमोहर, दुर्गाबाई, तर्री. वरच्या जिन्यात कुणाच्यातरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. कथल्यांनी कठडा घट्ट धरला.

"वास?" ते म्हणाले. "नाही बुवा. जवळपास काही नाही. नाश्ताच करायचा तर मार्केट यार्डात जा. पहाटे. मिसळ उत्तम मिळते म्हणतात." तेजस आभार मानून निघाला, तशी त्यांना त्याची दया आली. आपणही एके काळी असेच बार्शीहून आलो होतो. त्यांनी त्याला परत हाक मारली.

"आणि हे बघ, एक लक्षात ठेव. तिथे कोथिंबिरीचा भाव मात्र विचारू नकोस."

तेजस खाली गेल्यावर वरच्या जिन्यातून मथुराबाईंचा कोरडा आवाज आला. "कथले, उद्या सातला या. बाकावर जागा धरून ठेवते."